हिरव्या खड्यातला बोळ

घासूताईच्या घरात दोन म्हातारी माणसं होती आणि त्या दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. एक तिचा बाप, दुसरी तिची मावशी. घर तीन खोल्यांचं. स्वयंपाकघर इतकं अरुंद की दोघं एकदम आत आली तर एकाला पोट आत ओढून भिंतीला चिकटावं लागे. अशा घरात ही दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी एक शब्द न बोलता राहत होती. भांडायला काय, कुणीही भांडतं. पण रोज एकाच टेबलाशी बसायचं, एकाच पातेल्यातलं वाढून घ्यायचं आणि समोरचा माणूस नाहीच असं समजून शेवटचा घास गिळायचा, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे.

"तुझ्या बापाला सांग, मीठ संपलंय," मावशी म्हणायची. बाप तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेला असायचा.

"तुझ्या मावशीला सांग, मी कालच आणलंय. साखरेच्या डब्यामागं आहे."

"विचार त्याला, साखरेमागं मीठ ठेवायचं कुणी शिकवलं?"

घासूताई मधल्या खुर्चीवर. ती निरोप पोचवायचीही नाही. दोघांनाही नीट ऐकू यायचं. ती नुसती मध्ये बसलेली असली की पुरे. लग्नाला सवड झाली नाही, असं ती लोकांना सांगायची. खरी गोष्ट अशी, की या दोघांना एका घरात सोडून ती गेली असती तर कुणाला काय हवंय हे कुणाला सांगणार होतं कोण?

रोज सकाळी बाप न्हाणीघराच्या छोट्या खिडकीशी उभा राहायचा. तिथून घरांच्या छपरांवरून डोंगराचं टोक दिसायचं. खांद्यावर टॉवेल, गालाला साबणाचा फेस, आणि स्वारी मोठ्यानं म्हणायची, "पांढरा. सरळ." म्हणजे डोंगराच्या तोंडातून निघणारा धूर पांढरा आहे आणि सरळ वर जातोय, काळजीचं कारण नाही. नोकरी सुटून जमाना झाला होता, पलीकडे ऐकून घेणारं कुणी नव्हतं, तरी सवय सुटत नव्हती. नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरात मावशी सिंकचा नळ भसकन पूर्ण सोडायची. ते दोन शब्द तिला कानावर पडू द्यायचे नसत.

कारणही तसंच होतं. घासूताईचा बाप तरुणपणी वेधशाळेचा चौकीवाला होता. डोंगरासमोरच्या टेकडीच्या धारेवर एका खोलीत राहायचं, दुर्बिणीतून धुरावर नजर ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ ऑफिसला फोन करून दोन शब्द सांगायचे. ऑफिसचा फोन झाला की तो घरी फोन करायचा. घर डोंगराच्या पायथ्याशी, गावात. तिथं घासूताईची आई. घासूताई तेव्हा शाळेसाठी शहरात, मावशीकडे होती. आई सुट्टीच्या दिवशी बंद तुटलेली निळी पिशवी काखोटीला मारून लेकीला भेटायला यायची.

त्या संध्याकाळीही फोन झाला. पांढरा, सरळ, झोप निवांत. त्यानंतर आईनं आपल्या बहिणीला फोन केला. "काय माहीत, आज कसंसंच वाटतंय गं. तुझ्याकडे निघून यावं असं मनात होतं. पण हे म्हणतात, पांढरा, सरळ. मग उद्याच येते." पहाटे, सगळं गाव साखरझोपेत असताना डोंगर फुटला. तापलेल्या राखेचा लोट उतारावरून आला आणि गाव होतं तिथं सकाळी करडी, गुळगुळीत जमीन होती. बाप समोरच्या धारेवर होता म्हणून वाचला. वाचला, हे आपलं म्हणायचं.

"त्याचं कामच होतं ना बघायचं?" मावशी म्हणायची. "सुतार खुर्ची करतो, तर ती मोडत नाही. याला फक्त बघायचं होतं. आणि यानं माझ्या बहिणीला झोप म्हणून सांगितलं."

बाप यावर मान खाली घालायचा. त्याचे गुडघे गेले आणि त्याला लेकीकडे यावं लागलं, तेव्हा मावशीनं आधी आपली ट्रंक भरली होती. घासूताईनं ती परत रिकामी केली आणि कपडे कपाटात लावले. त्यावर चर्चा झाली नाही. या घरात कशावरच होत नसे.

घासूताई त्याच वेधशाळेत लागली होती. दगडातले खडे घासून पातळ करायचे, हे तिचं काम, म्हणून तिचं हे नाव. ऐकायला हलकं वाटतं. वाळूच्या कणाएवढा खडा गरम तव्यावर वितळवलेल्या मेणानं काचेवर चिकटवायचा, ओल्या पॉलिशपेपरवर इंग्रजी आठ काढत घासायचा, पुसायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. परत घासायचा, परत बघायचा. मग उलटा करून दुसऱ्या बाजूनं तेच. शेवटी हिऱ्याच्या पेस्टनं चकाकी आणायची. खडा केसापेक्षा बारीक झालेला असतो तेव्हा एक आठ जास्त काढला तर सगळं सिंकमध्ये वाहून जातं. म्हणून तिथं एक रीत होती: घासणाऱ्यानं दाराबाहेरच्या स्टुलावर आपला चहाचा कप उपडा ठेवायचा. कप उपडा असेल तर दार वाजवायचं नाही, मग साहेब येवो की आग लागो.

हे सगळं कशासाठी, तर वायूंसाठी. डोंगर लाव्ह्यानं फुटतो असं आपण समजतो. लाव्हा बिचारा जात्याच आळशी. त्याला ढकलणारे निराळेच. खोल जमिनीखाली वितळलेल्या दगडात पाणी मुरलेलं असतं, कार्बनचा वायू असतो, गंधक असतं. वरच्या दगडांचं ओझं आहे तोवर ही मंडळी निमूट विरघळून बसतात, झाकण न उघडलेल्या सोड्यात वायू बसतो तशी. तो रस वर सरकला, ओझं हलकं झालं, की बुडबुडे सुटायला लागतात. रस सावकाश आला तर वायू फटी-चिरांतून निघून जातात आणि मागं उरतो तो नुसता संथ वाहणारा रस. झपाट्यानं आला तर वायूंना बाहेर पडायला सवडच मिळत नाही. मग ते दगडाचाच भुगा करून बाहेर पडतात.

तो सावकाश आला की झपाट्यानं, हे डोंगर सांगत नाही. पण कधी कधी खडा सांगतो. खाली रसात हिरवे खडे वाढत असतात. वाढताना एखाद्यात खाच राहून जाते, एका तोंडानं बाहेर उघडी, आत निमुळती. तिच्यात रस भरतो आणि डोंगर फुटल्यावर थिजून त्याची काच होते. पुस्तकात याला भारदस्त नाव आहे. वेधशाळेत सगळे बोळ म्हणायचे. रस वर यायला लागला की बोळातलं पाणी तोंडाकडून बाहेर जाऊ लागतं. वर यायला बरेच दिवस लागले तर बोळ मागच्या टोकापर्यंत रिता होतो. काही तासांतच आला, तर तोंडाशी पाणी कमी, पण आतल्या टोकाला गर्दी तशीच दाटलेली राहते. काचेतलं पाणी मोजणारं यंत्र असतं, ते बोळाच्या तोंडापासून टोकापर्यंत मोजत जातं आणि हिशेब लागतो.

वेधशाळेत या विषयातल्या एक बाई होत्या. त्यांना सगळे बुडबुडेबाई म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. गाव गाडलं गेलं होतं त्या राखेत रस्त्याचं खोदकाम निघालं तेव्हा बाई स्वतः जाऊन अगदी तळाच्या थरातले दगड घेऊन आल्या. दगड फोडले, खडे निवडले. बरेचसे बिनबोळाचे, काहींचे बोळ तडकलेले. एकच खडा असा निघाला, की त्यातला बोळ लांब, अखंड आणि तोंडाशी बुडबुडा अडकलेला.

बाई तो घेऊन घासूताईच्या खोलीत आल्या आणि बसल्या. एरवी त्या बसत नसत.

"हा कुठला आहे ते तुम्हाला माहितीये," त्या म्हणाल्या. "नको वाटत असेल तर सांगा. मी परगावच्या प्रयोगशाळेत पाठवते."

"तिथं त्याची वाट लावतील," घासूताई म्हणाली.

"कदाचित. पण ताई, उत्तर काहीही येऊ शकतं. रस कित्येक दिवस आधीच वर येऊन बसला होता असं निघालं, तर त्याचा अर्थ जमीन फुगली असणार, झरे तापले असणार. बघणाऱ्याला काहीतरी दिसायला हवं होतं."

"आणि झपाट्यानं आला असं निघालं तर?"

"तर कुणालाच काही दिसलं नसतं."

घासूताईनं खडा चिमट्यानं उचलून उजेडाकडे धरला. एवढासा, हिरवट, बाटलीच्या काचेचा कण असावा तसा.

घरी तिनं हे सांगायला नको होतं. पण तिच्याही तोंडात तीळ भिजला नाही. जेवताना बोलून गेली.

मावशीनं चमचा खाली ठेवला. "म्हणजे त्याला दिसायला हवं होतं की नव्हतं, हे आता कळणार?"

"कळेल बहुतेक."

"मग मला सांगायचं. जे असेल ते. माझ्यापासून काही लपवायचं नाही." आणि मग, भिंतीकडे बघत, "आणि तुझ्या बापाला सांग, तेव्हा इथंच बसायचं. उठून आत जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप खिडकीशी उभा राहिला, टॉवेल खांद्यावर, साबण गालावर. पण मोठ्यानं काहीच म्हणाला नाही. स्वयंपाकघरात मावशीचा हात नळावर होता. ती वाट बघत राहिली आणि मग तिनं पाण्याशिवायच कप पुसून ठेवला.

खड्याची पहिली बाजू सुरेख उतरली. दुसऱ्या बाजूच्या दिवशी घासूताईनं कप उपडा ठेवला, खिडकी लावून घेतली आणि बसली. आठ काढायचे, पुसायचं, बघायचं. दुपार होईस्तोवर बोळ काचेखाली पूर्ण उघडा पडला, तोंडापासून आतल्या टोकापर्यंत, बुडबुड्यासकट. उजेड आरपार जात होता. काम झालं होतं. एका कोपऱ्यात एक बारीक ओरखडा राहिला होता, तो बोळापासून दूर होता, त्यानं काही बिघडत नव्हतं.

तिचा हात परत पेपरवर गेला.

या कामातल्या माणसांची एक चूक ठरलेली. तिथं तिला चकाकीचा मोह म्हणत. खडा तयार झालेला असतो, थांबायला हवं असतं, आणि माणूस म्हणतो, आणखी थोडा चमकू दे. तेवढ्यात बोळच घासला जातो. प्रत्येकाकडून झालेलं असतं, घासूताईकडूनही. कुणी त्याबद्दल रागवत नाही, उलट चहा पाजतात. तिनं एक आठ काढला. खरं तर अर्धाच. आणि तिच्या लक्षात आलं, की हा हात चकाकीसाठी चाललेला नाही.

फार सोपं होतं. आणखी दोन-चार आठ, मग बाईंच्या खोलीत जाऊन मान खाली घालायची. बाई म्हणाल्या असत्या, असू दे ताई, होतं असं. घरी मावशी म्हणाली असती, बघ, नशीबही त्याच्याच बाजूनं. आणि बाप सकाळी खिडकीशी परत म्हणाला असता, पांढरा, सरळ. सगळं होतं तसं राहिलं असतं. ज्या म्हाताऱ्याच्या शर्टाच्या कॉलरी ती आठवड्याला घासत होती, त्याच्यावर ठपका ठेवायची पाळी निदान तिच्या हातून आली नसती.

पण मग तिला स्वतःचा राग आला. मावशीनं उघड बोट दाखवलं होतं, बापानं खाली मान घातली होती, आणि ती? ती दोघांच्या मध्ये बसून मीठ पुढं सरकवत होती. बापाला तिनं माफ केलं होतं का, हे तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं त्याची औषधं आणली, त्याला दवाखान्यात नेलं, त्याच्याशी कधी आवाज चढवून बोलली नाही. आणि तरी लहानपणापासून एकदाही त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं नव्हतं. आई तिचीही होती. तिलाही कळायला हवं होतं.

तिनं खडा पेपरवरून उचलला, धुतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बोळ जिथल्या तिथं होता. तिनं दार उघडलं आणि कप सुलटा केला.

निकाल यायला बरेच दिवस लागले. यंत्र दुसऱ्या शहरात होतं. तो आला त्या दिवशी घासूताई दुसराच एक खडा घासत होती, कप उपडा होता. काम संपवून तिनं दार उघडलं, तर बुडबुडेबाई बाहेर भिंतीला टेकून उभ्या. हातात कागद. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"अहो, वाजवायचं ना दार!"

"कप उपडा होता," बाई म्हणाल्या. मग त्यांनी कागद पुढं धरला आणि बोटानं रेषा दाखवली. तोंडाशी पाणी कमी, आणि मग रेष उभी चढून गेलेली. आतल्या टोकाला पाणी भरलेलं, खोलात होतं तेवढंच. "काही तासांत आला, ताई. थोडं इकडंतिकडं धरलं तरी त्या रात्रीतलीच गोष्ट. संध्याकाळी तो अजून खोल खाली होता. एका खड्यावर मी शपथ घेणार नाही, पण तडकलेल्या बोळांतही जे काही उरलंय, ते हेच सांगतंय."

घासूताईनं बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. तिला त्याची लाज वाटली नाही. घरी जाताना ती स्टॉपवर थांबली नाही, चालत गेली. वाटेत तिनं वाक्य तयार केलं, बदललं, परत तयार केलं. बापाच्या छातीवरची धोंड आज उतरणार होती आणि ती तिच्या हातानं उतरणार होती.

जेवायला तिघं बसली. मावशीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि वाढायचं थांबवलं.

"आलं उत्तर," घासूताई म्हणाली. "बाबा, तुम्ही फोन केलात तेव्हा तो खोल खाली होता. रात्रीत वर आला. तुम्ही म्हणालात तेव्हा डोंगर खरंच शांत होता. तुमची चूक नव्हती."

बाप तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होईल म्हणून ती वाट बघत होती.

"मी आणखी नीट बघितलं असतं तर?" त्यानं विचारलं.

"तरी नाही. दिसण्यासारखं काही नव्हतंच."

"रात्री उठून बघितलं असतं तर?"

"काही दिसेपर्यंत गावातल्यांना निघायला वेळच उरला नसता, बाबा. कुणीही असतं तरी."

"कुणीही असतं तरी," बाप म्हणाला. त्यानं ताटली जरा पुढं सरकवली. आणि तो रडायला लागला, म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज न करता, नाक पुसायचं भान न ठेवता.

घासूताई घाबरली. "बाबा, अहो, चांगली बातमी आहे ही!"

"तुला नाही कळायचं गं." त्यानं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. "माझी चूक होती तोवर बरं होतं. रोज रात्री आडवा झालो की मी तो फोन परत करायचो. पांढरा, सरळ नाही म्हणायचो. म्हणायचो, ऊठ, आहेस तशी निघ. आणि ती निघायची. रोज निघायची. दाराला कडी घालायची आणि निघायची." तो थांबला. "माझ्या हातात होतं म्हणून ती निघत होती. आता माझ्या हातात काही नव्हतंच म्हटल्यावर कशी निघेल ती? कुठं जाईल?"

मावशी उठली. सिंकशी गेली आणि नळावर हात ठेवला. घासूताईला वाटलं, आता पाणी सुटणार. सुटलं नाही. मावशी तशीच पाठमोरी उभी राहिली, मग वळली, आणि घासूताईच्या डोक्यावरून सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली,

"कुठं म्हणजे? माझ्याकडे येते ती, भाऊजी. रोज येते. मी अंथरुणात पडल्या पडल्या दार उघडते आणि तिच्या हातातली पिशवी घेते."

बापानं मान वर केली.

"निळी?" त्यानं विचारलं.

"निळीच. बंद तुटलेली."

"मी शिवून देणार होतो तो," बाप म्हणाला.

"माहितीये. ती म्हणायची, हे शिवून देतील. तुम्ही कुठले शिवताय!" मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. "जेवा आता. गार होतंय."

घासूताई मधल्या खुर्चीवर होती. बापानं तिच्यासमोरून हात लांब करून मिठाचा डबा उचलला आणि मावशीपुढं ठेवला.